आकाशाचा सातबारा

ऋग्वेदात १०२८ सूक्तं आहेत. त्यांतली सुमारे अडीचशे इंद्राची, दोनशेच्या आसपास अग्नीची. उषेच्या वाट्याला वीसेक आली आहेत. द्यौस् या आकाशदेवाचं स्वतःचं असं एकही सूक्त नाही. पृथिवीबरोबर जोडीने, ‘द्यावापृथिवी’ म्हणून त्याला सहा सूक्तं मिळाली, त्यांतही त्याच्याकडे स्वतंत्र काम असं फारसं नाही. तो इंद्राचा बाप, अग्नीचा बाप, उषेचा बाप, अश्विनीकुमारांचा पूर्वज. त्याची ओळख मुलाबाळांवरून. घरातली सूत्रं पोरांच्या हाती गेल्यावर ओसरीवर बसलेल्या वडीलधाऱ्यासारखा तो वेदात दिसतो.

आणि आज भांडण आहे ते नेमकं या देवावरून. मोबाइलवर अधूनमधून एक चित्र फिरतं. एका बाजूला ग्रीकांचा झ्यूस, दुसऱ्या बाजूला रोमनांचा ज्युपिटर, मध्ये ठळक अक्षरांत ‘द्यौस्पितर्’, म्हणजे ‘आकाश-बाप’, आणि खाली निष्कर्ष: सगळे देव आपल्याकडूनच गेले. त्यावर कुणीतरी तितक्याच तावातावाने उत्तर देतं, की ग्रीकांचा आणि तुमचा देव एकच असेल तर तुम्हीच बाहेरून आलात. एकाला आकाशाचा सातबारा आपल्या नावावर हवा आहे, दुसऱ्याला समोरच्याचं नाव त्यावरून खोडायचं आहे. द्यौस् हा मालकीचा पुरावा आहे, याबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे. माझा आक्षेप त्या एकमतालाच आहे. आपल्या हाती आहे तो भाषेच्या नात्याचा पुरावा, आणि तो फार भक्कम आहे. त्याच्यावर मालकी, वंश किंवा रक्त यांचा भार टाकला की तो मोडतो.

वेदातल्या या बापाचं पुढे काय झालं ते आधी पाहू, कारण अभिमानाच्या चित्रांत हा भाग कधीच नसतो.

तो हळूहळू पुसट होत गेला. ‘द्यौस्’ किंवा ‘दिव्’ हा शब्द ऋग्वेदात पाचशेच्या आसपास वेळा येतो, पण बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ नुसतं आकाश, कधी दिवस. व्यक्ती म्हणून बाप फार थोड्या ठिकाणी उभा राहतो. चौथ्या मंडलातल्या एका सूक्तात कवी इंद्राला विचारतो, की तुझ्या आईला विधवा कुणी केलं, आणि बापाचा पाय धरून त्याला संपवलंस तेव्हा कोणता देव तुझ्या बाजूने होता. तिथे बापाचं नाव घेतलेलं नाही, पण जुन्या पिढीला बाजूला सारून नवा राजा आल्याचा तो सूर स्पष्ट आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात, आजच्या तुर्कस्तान-सीरियाच्या भागात हित्ती आणि मितन्नी राजांत तह झाला. त्यात साक्षीला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य (म्हणजे अश्विनीकुमार) यांची नावं आहेत. द्यौस् नाही. शपथ घ्यायला त्याची आठवण झाली नाही.

ऋग्वेदातच काही ठिकाणी हा शब्द स्त्रीलिंगी वापरला आहे. अभिजात संस्कृतात तो स्त्रीलिंगीच झाला. अमरकोश सरळ सांगतो: ‘द्योदिवौ द्वे स्त्रियाम्’. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापतीला आपल्या मुलीचा मोह पडतो; ती मुलगी कोण, यावर ग्रंथ म्हणतो, कोणी तिला ‘दिव्’ म्हणतात, कोणी उषा. म्हणजे एके काळचा आकाशपिता व्याकरणात बाई झाला आणि कथेत मुलगी. महाभारतात तो पुन्हा पुरुष म्हणून भेटतो, पण काय अवस्थेत! आठ वसूंपैकी एक असलेला द्यौ बायकोच्या हट्टापायी वसिष्ठांची गाय चोरतो. बाकीचे वसू शापातून लवकर सुटतात. द्यौला मात्र माणसांत दीर्घकाळ राहावं लागतं, तेही निपुत्रिक. तो भीष्म. बाप होणं ज्याने आयुष्यभर नाकारलं आणि तरीही ज्याला सगळे ‘पितामह’ म्हणतात. जॉर्ज ड्यूमेझिल या फ्रेंच अभ्यासकाने भीष्मात जुन्या आकाशदेवाच्या खुणा शोधल्या. त्याच्या सगळ्या जुळण्या मला पटत नाहीत, पण ज्यांच्या परंपरेने ही कथा रचली त्यांना या देवाची मालकी गाजवायची हौस नव्हती, एवढं तरी तिच्यावरून नक्की म्हणता येतं.

ग्रीसमध्ये उलट घडलं. झ्यूसने नाव बापाचं ठेवलं आणि काम इंद्राचं घेतलं: वज्र, ढग, पाऊस, राज्य. होमरच्या काव्यात लोक त्याला ‘झेउ पातेर’ अशी हाक मारतात. रोममध्ये ही हाकच नाव होऊन बसली. ‘यूप्पितेर’ हे मुळात संबोधन आहे, ‘हे आकाश-बापा’. प्राचीन इटलीतल्याच उंब्रियन भाषेतल्या पत्र्यांवर ‘युपातेर’ सापडतो. आनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, लुवियन लोकांनी हेच नाव सूर्याला दिलं आणि त्यालाही ‘बाप’ म्हटलं. हित्ती भाषेत ‘सिउस्’ म्हणजे नुसता ‘देव’. इराणी शाखेत ‘दैव’ हे राक्षस झाले आणि आकाशाचा जुना शब्द अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, जेमतेम उरला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस मात्र पर्शियन लोकांबद्दल लिहितो, की ते आकाशाच्या अख्ख्या घुमटालाच झ्यूस म्हणतात. तो अर्थात ग्रीक कानांनी ऐकत होता.

एका नावाची इतकी नशिबं. यातलं अस्सल कोणतं, असा प्रश्न विचारला की गाडी चुकीच्या रुळावर जाते. ज्या लोकांनी हे नाव पहिल्यांदा उच्चारलं त्यांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. त्यांचा देव आपल्याला फक्त अनुमानाने कळतो. म्हणूनच भाषाशास्त्रज्ञ अशा शब्दापुढे तारा काढतात: *द्येउस्. तारा म्हणजे ‘हे कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, आम्ही काढलं आहे’ अशी कबुली. फिरत्या चित्रांतून सगळ्यांत आधी गळतो तो हा तारा.

मग अनुमानावर विश्वास का ठेवायचा?

इथे गोव्यापासून सुरुवात करायला हवी. कोलकात्यात न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या साम्याबद्दल २ फेब्रुवारी १७८६ रोजी दिलेलं भाषण सगळे सांगतात, पण त्याच्या दोनशे वर्षं आधी ही गोष्ट कोकण किनाऱ्यावर लोकांच्या लक्षात आली होती. पुढे ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ मध्ये गोव्याहून आपल्या भावाला पत्र लिहिलं. इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे, असं त्यात आहे. त्यानंतर दोनेक वर्षांनी फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत आणि इटालियन शब्दांच्या जोड्या कळवल्या: सप्त आणि ‘सेत्ते’, अष्ट आणि ‘ओत्तो’, नव आणि ‘नोवे’, सर्प आणि ‘सेर्पे’. त्या जोड्यांत ‘देव’ आणि ‘दिओ’ ही जोडीही आहे. सास्सेत्ती १५८८ मध्ये गोव्यातच वारला. दोघांची निरीक्षणं बरोबर होती, पण ती निरीक्षणंच राहिली. सारखेपणा दिसणं ही एक गोष्ट आणि तो योगायोग की नातं हे ठरवण्याचं साधन हाती असणं ही दुसरी.

खुद्द जोन्स यांच्या हातीही ते साधन पुरतं नव्हतं. ग्रीस, इटली आणि भारत इथल्या देवांवरच्या निबंधात त्यांनी आपल्या गणपतीची सांगड रोमच्या जेनसशी घातली. दोघांची आठवण कामाच्या आरंभी काढतात आणि नावं कानाला जरा जवळची वाटतात, एवढ्यावर. ही जोडी आज कोणी मानत नाही. वरुण आणि ग्रीक ऊरानोस ही तर जास्त मोहक जोडी. दोघेही आकाशाशी जोडलेले, नावंही जुळल्यासारखी. ध्वनींचा हिशेब नीट लागत नाही म्हणून तिच्यावरचा विश्वासही ओसरला. आणि सगळ्यांत बोलकं उदाहरण ‘थेओस’चं. ग्रीकमध्ये ‘थेओस’ म्हणजे देव. लॅटिन ‘देउस’च्या शेजारी ठेवला तर कोणीही सख्खे भाऊ म्हणेल. ते भाऊ नाहीत. ‘देउस’ हा आपल्या ‘देव’चा नातलग, ‘थेओस’ दुसऱ्या धातूचा. मराठीतही असंच आहे. ‘दिवस’ या घराण्यातला, ‘दिव्य’ही, ‘दिवा’ मात्र ‘दीप’वरून आलेला, त्याचा आकाशाशी संबंध नाही. उलट ‘आज’मध्ये आकाश दडलं आहे असं कुणाला वाटणार नाही, पण ‘आज’ हा ‘अद्य’वरून आला आणि ‘अद्य’मधला ‘द्य’ हा तोच ‘द्यु’. जे सारखं दिसतं ते नातं नसतं, जे नातं असतं ते दिसत नाही. म्हणून कानावर भरवसा न ठेवता नियम शोधावा लागतो: या भाषेतला हा ध्वनी त्या भाषेत दर वेळी कोणता होतो.

नियमाची ताकद भाकितात कळते. संस्कृतात ‘दिव्’ची षष्ठी ‘दिवः’ आणि चतुर्थी ‘दिवे’. होमरच्या ग्रीकमध्ये झ्यूसची षष्ठी ‘दिओस’. मधला ‘व’ नाही. तुलना करणाऱ्यांचं म्हणणं होतं, की तिथे एके काळी ‘व’ होता आणि तो झिजला. काही बोलींतल्या शिलालेखांत त्याच्या खुणाही होत्या. मग १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने ‘लिनियर बी’ नावाची लिपी उलगडली. होमरच्या कित्येक शतकं आधीच्या मातीच्या पाट्या. राजवाडे जळाले तेव्हा त्या आगीत भाजून टिकल्या. ग्रीसमधल्या पिलोस इथल्या एका पाटीवर कोणत्या देवाला सोन्याचं पात्र अर्पण करायचं याची यादी आहे. त्या यादीत झ्यूसची चतुर्थी लिहिली आहे: दि-वे. इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास भूमध्य समुद्राकाठच्या कुणा कारकुनाने चिखलावर उमटवलेली ही दोन अक्षरं आणि आपलं ‘दिवे’. व्हेंट्रिसला कुणाचा अभिमान सिद्ध करायचा नव्हता. उलट त्या पाट्यांची भाषा ग्रीक नसावी असंच त्याला बराच काळ वाटत होतं. म्हणून ही साक्ष वजनदार.

दुसरी साक्ष मला त्याहून जवळची वाटते, कारण ती आपल्याकडे आजही रोज ऐकू येऊ शकते. सहाव्या मंडलात एक ऋचा आहे: ‘द्यौष्पितः पृथिवि मातरध्रुगग्ने भ्रातर्वसवो मृळता नः’. बापा द्यौस्, निष्कपट आई पृथिवी, भावा अग्नी, वसूंनो, आमच्यावर दया करा. सगळं घरच एका दमात हाकारलं आहे. त्यात ‘द्यौः’चा स्वर पाहा. प्रथमेत हा शब्द उदात्त, म्हणजे चढत्या स्वराचा, असतो, पण हाक मारताना तो स्वरित होतो, आवाज चढून उतरतो. संस्कृतात ही तऱ्हा विरळा. ग्रीकमध्येही झ्यूस प्रथमेत चढत्या स्वराचा आणि संबोधनात चढून उतरणाऱ्या स्वराचा. अलेक्झांड्रियाच्या वैयाकरणांनी तसं चिन्हच घालून ठेवलं आहे. तिकडे हे कागदावरच्या खुणेने टिकलं, इकडे वेदपाठशाळांतल्या घोकंपट्टीने. ज्यांनी ते घोकलं त्यांना ग्रीसचा पत्ता नव्हता, ज्यांनी खुणा घातल्या त्यांना ऋग्वेदाचा नव्हता. बापाला हाक मारण्याची लकब एवढी जुनी असू शकते, हे कळल्यावर मला ‘झ्यूस आमचाच’ ही घोषणा फार कोती वाटते.

आता पहिल्या पक्षाचा दावा. ऋग्वेद सर्वांत जुना, म्हणून संस्कृत ही सगळ्यांची आई, म्हणून झ्यूस हा द्यौस्चा अपभ्रंश. याला उत्तर युरोपातून आणायची गरज नाही, ते पाणिनीत आहे. ‘कृ’ धातूचं लिट् लकारातलं, म्हणजे भूतकाळाचं, रूप ‘चकार’; त्यात धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं, हे द्वित्व. ते ‘ककार’ का होत नाही? पाणिनी सूत्र देतो, ‘कुहोश्चुः’: द्वित्वातल्या पहिल्या अक्षरातल्या क-वर्गाचा च-वर्ग होतो. नियम चोख आहे. पण असं का व्हावं? ‘क’चा ‘च’ होतो तो साधारणपणे ‘इ’, ‘ए’ अशा स्वरांच्या शेजारात; ‘चकार’मध्ये तर ‘च’च्या पुढे ‘अ’ आहे. ग्रीक-लॅटिन शेजारी ठेवली की कोडं सुटतं. तिथे द्वित्वाच्या जागी ‘ए’ दिसतो. संस्कृतातही तिथे पूर्वी ‘ए’ होता, त्याने ‘क’चा ‘च’ केला आणि मग तो स्वतः ‘अ’मध्ये विरून गेला. संस्कृतात ‘भरति’, ‘अष्टौ’, ‘अजति’ अशा तिन्ही शब्दांना एकच ‘अ’ आहे. ग्रीकमध्ये तिथे ‘फेरेइ’, ‘ओक्तो’, ‘अगेइ’, म्हणजे ए, ओ आणि अ. तीन वेगळे स्वर एकात मिसळू शकतात. एकातून काहीही कारण नसताना तीन वेगळे फुटत नाहीत. तेव्हा संस्कृत ही आई नाही, मुलगी आहे. खूप जुनी आणि खूप काही जपून ठेवलेली मुलगी. यात कमीपणा कसला, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

दुसऱ्या पक्षाचं चुकतं ते दुसरीकडे. संस्कृत मुलगी असेल तर आई कुठे राहत होती? याचं उत्तर ‘द्यौस्’ देत नाही, कोणताही ध्वनिनियम देत नाही. त्यासाठी पुरातत्त्व लागतं, घोडा-चाक-रथ यांचा इतिहास लागतो आणि अलीकडे जुन्या हाडांतला डीएनए. आज पुराव्याचं पारडं काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ प्रदेशाकडे झुकलेलं आहे, आणि ते मान्य करायला मला अडचण वाटत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन शोधनिबंध एकाच वेळी आले. एक हरियाणातल्या राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यावर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे ज्याचे प्रमुख होते तो. दुसरा मध्य आणि दक्षिण आशियातल्या शेकडो प्राचीन व्यक्तींवर. पहिल्यात त्या हडप्पाकालीन स्त्रीत गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश सापडला नाही. दुसऱ्यात तो अंश नंतरच्या काळात, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात, दक्षिण आशियात मिसळताना दिसला. दोन्हींच्या लेखकांत बरीच नावं तीच. एकत्र वाचले तर ते एकमेकांना पूरक आहेत. पण दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत एकाने आर्य बाहेरून आल्याचा सिद्धांत गाडला आणि दुसऱ्याने तो सिद्ध केला. ज्यांनी मथळे वाचले त्यांतल्या किती जणांनी निबंध उघडले असतील, देव जाणे.

आणि हा अंश सापडला म्हणून ‘बाहेरचे’ कोण ठरतं? साडेतीन हजार वर्षांच्या मिसळणीनंतर त्याचं कमी-जास्त प्रमाण भारतातल्या बहुसंख्य लोकांत आहे. शिवाय डीएनएत देवाचं नाव लिहिलेलं नसतं. फिनलंडची भाषा या कुळातली नाही. तरी तिच्यातला आकाशाचा शब्द ‘ताइवास’ हा ‘दैव’च्या कुळातून उसना घेतलेला आहे असं मानतात. नाव शेजारच्या घरात गेलं, रक्त जायलाच हवं होतं असं नाही.

जर्मन संस्कृत अभ्यासक माक्स म्युलर यांनी द्यौस्पितर्, झ्यूस पातेर, ज्युपिटर आणि उत्तर युरोपातला ट्यूर या समीकरणाला मानवाच्या प्राचीन इतिहासाविषयीचा एकोणिसाव्या शतकातला सर्वांत महत्त्वाचा शोध म्हटलं होतं. उत्साहाचा भाग सोडून देऊ. ट्यूरबद्दल तर आजचे अभ्यासक म्हणतात, की तो ‘द्यौस्’चा नाही, ‘देव’ या शब्दाचा वंशज आहे. म्युलर यांना प्रत्येक कथेत सूर्य दिसायचा, इतका की १८७० मध्ये डब्लिनच्या एका लेखकाने म्युलर हे स्वतःच एक सूर्यकथा आहेत असं थट्टेने सिद्ध करून दाखवलं. पण याच म्युलरनी १८८८ मध्ये स्पष्ट लिहिलं, की आर्य वंश, आर्य रक्त, आर्य डोळे असं बोलणारा मानववंशशास्त्रज्ञ हा लांब डोक्याचा शब्दकोश म्हणणाऱ्या भाषातज्ज्ञाइतकाच पापी. ऐकलं कुणी? पन्नास वर्षांच्या आत जर्मनीत त्याच ट्यूरच्या नावाची प्राचीन अक्षरखूण नाझी संघटनांच्या गणवेशांवर आली. आजही युरोप-अमेरिकेत गोऱ्या वर्चस्वाच्या गोष्टी करणाऱ्यांना हा ‘आर्यांचा आकाशपिता’ आकर्षक वाटतो. आपल्याकडे जे लोक अभिमानाने त्याचं चित्र पुढे पाठवतात, त्यांनी कोणाच्या रांगेत आपण उभे आहोत हे एकदा पाहावं.

महाराष्ट्राने तर हा वाद दीडशे वर्षं पाहिला आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त इराणातून आलेले आर्य भट, म्हणजे ब्राह्मण, आणि त्यांनी दास केलेले मूळ रहिवासी अशी मांडणी केली. इतिहास म्हणून ती आज तशीच्या तशी टिकत नाही. पण फुल्यांना पुरातत्त्व लिहायचं नव्हतं, समोरचा अन्याय सांगायचा होता, आणि तो खरा होता. टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचं मूळ घर थेट उत्तर ध्रुवाकडे नेलं. द्यौस्ची मुलगी उषा हा त्यांचा मुख्य साक्षीदार: ऋग्वेदात पहाटा अनेक आणि लांबलचक आहेत, तेव्हा त्या ध्रुवप्रदेशातल्या असणार. बुद्धीची झेप जबरदस्त, पाया मात्र कवितेतल्या शब्दाला पंचांगासारखं वाचण्याचा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये शूद्रांविषयीच्या ग्रंथात वेगळी वाट धरली. वंशभेदाचा पुरावा मानले गेलेले वेदातले ‘अनास’, ‘मृध्रवाक्’, ‘वर्ण’ हे शब्द प्रत्यक्ष कुठे, कशासाठी आले आहेत ते तपासलं आणि वंशाचा सिद्धांत या आधारावर उभा राहत नाही असा निष्कर्ष काढला. त्यांची सगळी अनुमानं आज मान्य होणार नाहीत. स्थलांतर घडलंच नाही इथपर्यंत जाण्याची गरज नव्हती असं मला वाटतं. पण आधी शब्द तपासा, मग वंश बोला, ही त्यांची शिस्त या तिघांत सर्वांत टिकाऊ. गंमत अशी, की आजच्या भांडणात तिघांचीही नावं ढालीसारखी वापरली जातात आणि ही शिस्त कुणालाच नको असते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. ही सगळी विद्या वसाहतवाद्यांनी उभी केली. म्युलर यांच्या ऋग्वेदाच्या आवृत्तीला पैसा ईस्ट इंडिया कंपनीने पुरवला. तिच्यावर आपण का विसंबावं? हेतूंबद्दलचा संशय रास्त आहे. पण पद्धतीची परीक्षा हेतूने होत नाही. पिलोसच्या पाटीवर कंपनीचा शिक्का नाही. हीच पद्धत लावून १८१६ मध्ये एलिस यांनी आणि १८५६ मध्ये काल्डवेल यांनी द्राविडी भाषांचं स्वतंत्र कुळ दाखवलं, आणि संस्कृतातून सगळं निघालं हा समज मोडला. आर्यांच्या गौरवासाठी बेतलेली पद्धत असती तर तिने असं केलं नसतं. आणि ही विद्या कायमची परकी राहिली असंही नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत विल्सन व्याख्यानं दिली. संस्कृतातून पाली, प्राकृत आणि मराठीसारख्या भाषांपर्यंत ध्वनी कसे बदलत गेले, हाच त्यांचा विषय. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुण्यात तयार झाली. ज्या आदिपर्वात द्यौचा भीष्म होतो, ते सुकथनकरांनी १९३३ मध्ये प्रतींची तुलना करून सिद्ध केलं. पाठ तोलून पाहायचे, आवडीचा पाठ खरा मानायचा नाही, हा संस्कार आपल्याकडे होता.

तो शाळेपर्यंत पोहोचला नाही. महाराष्ट्रात दहावीला संस्कृत घेणाऱ्या मुलांना विचारा का घेतलं, उत्तर ठरलेलं: स्कोअरिंग आहे. पैकीच्या पैकी मिळतात. ‘देवः देवौ देवाः’ पाठ होतं, ‘चकार’ पाठ होतं, आणि ‘देव’ कुठून आला किंवा ‘चकार’मध्ये ‘च’ का आला हे विचारायला तासात जागा नसते. मराठीच्या तासाला तत्सम-तद्भवची यादी येते, पण ‘अद्य’चा ‘आज’ ज्या नियमाने झाला त्याच नियमाने ‘विद्युत्’ची ‘वीज’ झाली, हे बहुतेक मुलांना कुणी सांगत नाही. मग भाषांच्या नात्याबद्दल त्यांच्या कानावर पहिल्यांदा काही पडतं ते मोबाइलवर, चित्राच्या रूपात, तारा गळून. तिथे सारखं दिसणारं सगळंच नातं असतं आणि प्रत्येक नात्याला एक मालक असतो.

हा विषय नाजूक आहे, पाठ्यपुस्तकात घातला तर दोन्हीकडून ओरड होईल, असं मला सांगतील. होईलच. म्हणून मूळ घराचा वाद शाळेत न्यायची गरज नाही. तो कॉलेजात जाऊ दे. शाळेत फक्त शब्द पुरे आहेत. नुसतं कल्पनेचं साम्य किती फसवं असतं ते सांगायला पाठाचा अर्धा परिच्छेद पुरतो: आकाश बाप आणि पृथ्वी आई ही कल्पना न्यूझीलंडच्या माओरी लोकांतही आहे, तिथे आकाशाचं नाव रांगी, त्याचा द्यौस्शी काडीचा संबंध नाही, आणि प्राचीन इजिप्तमध्ये तर आकाश ही देवी, नूत, आणि पृथ्वी हा देव, गेब. यावर मुलं आपणहून बोलतील, शिक्षकाला फार ढकलावं लागणार नाही. आणि ज्यांना गुणांचीच काळजी आहे त्यांच्यासाठी दहावीच्या संस्कृतच्या प्रश्नपत्रिकेत चार गुणांचा एक प्रश्न ठेवता येईल: ‘देव’ आणि लॅटिन ‘देउस’ एका कुळातले, पण ग्रीक ‘थेओस’ नाही, ‘दिवस’ त्याच कुळातला, पण ‘दिवा’ नाही, कारणं द्या.